खेड्यातल्या गेलिक फुटबॉल क्लबचा इतिहास लिहायचाय. फाटलेल्या पानाचं काय करू?

डंडॉककर

मंडळी, विषय जरा वेगळा आहे. सल्ला हवाय.

आम्ही आयर्लंडच्या ईशान्येला, डंडॉकच्या बाहेर एका खेड्यात नऊ वर्षांपासून राहतो. गाव म्हणजे एक चर्च, एक शाळा, दोन पब आणि गेलिक फुटबॉलचं मैदान. मुलगा सहा वर्षांचा होता तेव्हा शेजारीण म्हणाली, शनिवारी दहाला मैदानावर आण त्याला. नेला. तेव्हापासून घरातली शनिवारची सकाळ गेली ती गेलीच. पहिल्या वर्षी मी गाडीत बसून राहायचो, दुसऱ्या वर्षी मैदानावर सरावाचे कोन मांडायला लागलो, आता चिखलात लडबडलेल्या जर्सी पोत्यात भरून धुवायला घरी आणतो. पगार इथे कोणालाच नाही, खेळाडूंनाही नाही.

क्लबची शंभरी जवळ आलीय आणि इतिहासाची पुस्तिका काढायचीय. ‘तू कॉम्प्युटरवाला’ म्हणून जुने कागद स्कॅन करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे आणि एक बुटांचं खोकं. आत सभांच्या इतिवृत्तांच्या वह्या. गेले तीन आठवडे रात्री जेवणं उरकली की मी तेच वाचत बसतो. मैदानावर मेंढ्या चरायला सोडायचं भाडं किती घ्यावं यावर दोन पानं. बॉल नवा आणावा की जुनाच शिवून घ्यावा यावर एक पान. पन्नाशीच्या दशकातल्या खेळाडूंच्या यादीत नावांपुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘लंडन’, ‘बोस्टन’, ‘लंडन’, ‘लंडन’. एका वर्षी सतरा नावांपैकी सात.

आणि मग एका वहीतलं पान फाडलेलं. घाईत नाही, पट्टी लावून, व्यवस्थित. आधीच्या पानाच्या शेवटी ‘सदर तक्रारीचा विचार पुढील सभेत करावा’ आणि नंतरच्या पानावर अख्खी कमिटीच बदललेली. चिटणिसांना विचारलं तर म्हणाले, ‘ते असू दे, चहा टाकू का?’

तर प्रश्न असा, की गावच्या क्लबच्या इतिहासात भांडणं लिहावीत का? की कप, फोटो आणि ‘कै.’ एवढ्यावर भागवावं? क्लबचं नाव मुद्दाम देत नाही.

आळशी_बोका

गेलिक फुटबॉल म्हणजे रग्बीच ना?

डंडॉककर

@बोका, हे इथल्या पबमध्ये विचारू नकोस.

पंधरा-पंधरा खेळाडू. बॉल गोल. हातात धरता येतो, पण चार पावलांच्या आत तो जमिनीवर आपटायचा किंवा पायाच्या चवड्यावरून उडवून परत हातात घ्यायचा. सलग दोनदा आपटलेला चालत नाही. गोलचे खांब एच अक्षरासारखे. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला की गोल, त्याचे ३ गुण. दांडीवरून गेला की १. २०२५ पासून नवा नियम आलाय, ४० मीटरच्या कमानीबाहेरून वरून मारला तर २. धावसंख्या लिहितात १-१२ अशी, म्हणजे एक गोल आणि बारा पॉइंट, एकूण १५. माझ्या बायकोला हे गणित पहिल्या दिवशी कळलं, मला दुसऱ्या मोसमात.

पेठकर

लई भारी धागा. भावा, तुझा क्लब म्हणजे आमची तालीमच की! कोल्हापुरात फुटबॉल पेठेचा असतो. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर मॅच असली की सासरच्या पेठेच्या विरोधात ओरडायचं का नाही यावर घरात दोन दिवस अबोला. आमच्याकडं तालमीचा इतिहास लिहायचा म्हटलं तर भांडणं वगळून चार पानं पण भरायची न्हाईत.

माझं मत: लिही. नाद खुळा होईल पुस्तिका.

वसईची_वेणू

पेठकर, पेठेपेक्षाही जवळचा शब्द आमच्याकडे आहे: धर्मग्राम. गेलिक क्लब बहुतेक पॅरिशचे असतात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या लोकांचे. बरोबर ना डंडॉककर? वसईत कोणी भेटलं की आडनावाआधी धर्मग्राम विचारतात.

डंडॉककर

अगदी बरोबर, वेणूताई. जिथे वाढलात तिथल्या क्लबकडून खेळायचं, जास्त पैसे देतो म्हणून दुसरीकडे जाणं हा प्रकारच नाही, कारण पैसेच नाहीत. त्यामुळे वर्गात बारा मुलं असतील तर त्या बारांतूनच संघ. एखाद्या वर्षी गावात मुलीच जास्त जन्मल्या की दहा वर्षांनी मुलांच्या संघाची बोंब! दोन शेजारी क्लब मग एकत्र संघ उतरवतात आणि जर्सीचा रंग कोणाचा यावर तीन सभा होतात.

मडगांवकार

आमच्या गोव्यात ह्याला फिर्गज म्हणतात. सासष्टीत भाताची कापणी झाली की रिकाम्या शेतात वाड्यावाड्यांचे सामने सुरू. त्यात आणि तुमच्यात फरक एवढाच की आमचा फुटबॉल पोर्तुगीज-इंग्रजांच्या वाटेने आला नि आम्ही आपलासा केला. ह्यांनी तो येऊ नये म्हणून आपला वेगळा बांधला.

जुनी_वही

मडगांवकारांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. १ नोव्हेंबर १८८४, टिपरेरी परगण्यातलं थर्ल्स गाव, हेज हॉटेल. मायकेल क्युसॅक नावाचा शिक्षक, मॉरिस डेव्हिन नावाचा नाणावलेला खेळाडू आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. तिथे गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए स्थापन झाली. आर्चबिशप क्रोक आश्रयदाते, त्यांच्याच नावाचं डब्लिनचं क्रोक पार्क. आज तिथे ८२ हजारांवर माणूस बसतं.

आपल्याकडे नऊ वर्षांनी टिळकांनी गणेशोत्सव चौकात आणला, पुण्यात १९१४ च्या सुमारास डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधले. हवा तीच होती.

आणि लहान क्लब म्हणताय तर ग्रेंजमॉकलर विसरू नका. टिपरेरीतलं खेडं. तिथला मायकेल होगन २१ नोव्हेंबर १९२० ला क्रोक पार्कवर टिपरेरीकडून डब्लिनविरुद्ध खेळत होता. त्या सकाळी आयआरएने, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या आयरिश सशस्त्र संघटनेने, शहरात ब्रिटिश हेरांना टिपलं होतं. दुपारी पोलिस आणि सैनिक मैदानात घुसले आणि गोळीबार केला. १४ जण गेले, त्यात होगन. आज क्रोक पार्कच्या मुख्य स्टँडला त्याचं नाव आहे. घरचा क्लब कुठला, तर दोन डोंगरांच्या मधलं एक गाव.

तर्कट

तुलना गोड आहे पण जरा जपून. गणेशोत्सवात कोणी क्रिकेट बघितलं म्हणून त्याला मंडळातून काढल्याचं ऐकिवात नाही. जीएएने काढलं. ‘परकीय’ खेळ म्हणजे सॉकर, रग्बी, हॉकी, क्रिकेट. खेळलात तर बंदी, बघितलात तरी बंदी. १९३८ मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड पोलंडविरुद्धचा सॉकर सामना बघायला गेले, पदाचा भाग म्हणून, तर त्यांचं आश्रयदातेपद काढून घेतलं. ज्या माणसाने आयरिश भाषा वाचवायला हयात घालवली त्याचं! बंदी उठली १९७१ ला.

तेव्हा डंडॉककर, तुमच्या डब्यात ह्याचंही काही सापडेल. ते छापणार आहात का? गावचं प्रेम, मातीचा वास वगैरे ठीक आहे.

डंडॉककर

सापडलंय. चाळिशीच्या दशकातली नोंद. एका खेळाडूवर आरोप, की तो डंडॉकला सॉकरचा सामना बघताना ‘दिसला’. कोणाला दिसला? कमिटीच्या एका सदस्याला. मग खेळाडूने उभं राहून विचारलं, की सदस्यमहाशय स्वतः तिथे काय करत होते? इतिवृत्तात पुढची ओळ: ‘विषय तहकूब.’

हे छापणार. ह्यावर चिटणीसही हसले.

बाबूराव_बारामतीकर

‘विषय तहकूब’ हा जागतिक वारसा आहे. आमच्या सोसायटीच्या वह्या उघडल्या तर दुसरं काही नाही.

जुनी_वही

जीएएतल्या तांत्रिक हरकतींवर वेगळा धागा होईल. एक काळ असा होता, की संघाची यादी आयरिश बनावटीच्या कागदावरच द्यायची असा दंडक. हरलेला क्लब कागद उजेडात धरून जलचिन्ह बघायचा आणि हरकत घ्यायचा! मैदानावर हरलेला सामना टेबलावर जिंकायचा.

पेठकर

ही आयडिया केएसएच्या, म्हणजे आमच्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या हापिसात कुणी सांगू नका रे.

लागानकाठ

मी बेलफास्टला असते, म्हणजे ब्रिटनकडे राहिलेल्या उत्तर आयर्लंडात. तर्कट यांचा मुद्दा अर्धा पटतो. जीएएचा आणखी एक नियम होता, २१ क्रमांकाचा: ब्रिटिश सैन्य आणि उत्तरेतले पोलिस यांना सभासदत्व नाही. २००१ ला तो रद्द झाला, तेव्हा उत्तरेच्या सहा परगण्यांपैकी फक्त डाउन बाजूने होता. माझ्या ऑफिसात प्रोटेस्टंट सहकारी आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांना आजही गेलिक मैदान म्हणजे ‘त्यांची’ जागा वाटते. गंमत म्हणजे ज्या कपासाठी सगळं चालतं तो सॅम मॅग्वायर ज्याच्या नावाचा, तो कॉर्कमधला प्रोटेस्टंट.

पण पलीकडची बाजूही आहे. एडन मॅकअ‍ॅनेस्पी हा २३ वर्षांचा मुलगा फेब्रुवारी १९८८ मध्ये ऑखनाक्लॉयच्या सीमाचौकीतून चालत अ‍ॅघालू क्लबच्या मैदानाकडे निघाला होता, सामना बघायला. चौकीतल्या सैनिकाच्या बंदुकीची गोळी पाठीत लागली. त्याबद्दल सैनिक दोषी ठरला २०२२ मध्ये. अ‍ॅघालूचा इतिहास लिहिणाऱ्याने ‘फक्त खेळाबद्दल लिहू’ असं ठरवलं तर तो काय लिहील?

आळशी_बोका

मी हलकंफुलकं काहीतरी लिहिणार होतो. राहू दे.

डंडॉककर

लागानकाठ, हा मुद्दा माझ्या डोक्यात रोज असतो, कारण आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर क्रॉसमग्लेन आहे. सीमा ओलांडली कधी ते कळतही नाही. फक्त पाटीवरचे किलोमीटर जाऊन मैल येतात.

क्रॉसमग्लेन रेंजर्स, स्थापना १८८७. दक्षिण आर्मामधलं गाव, वस्ती दोनेक हजारांच्या आत. काळ्या-पिवळ्या जर्सी. सत्तरच्या दशकात ब्रिटिश सैन्याने तिथे मैदानाला खेटून तळ बांधला आणि क्लबची जमीनही घेतली. रस्त्यांवर सुरुंगांची भीती, म्हणून माणसं आणि सामान हेलिकॉप्टरने यायचं. सामना चालू असताना डोक्यावर हेलिकॉप्टर. तळाच्या भिंतीपलीकडे बॉल गेला की गेला. तिथला एक म्हातारा मला म्हणाला, ‘आमचे नेमबाज सरळ मारायला का शिकले ठाऊक आहे? बॉल परत आणायला जाता येत नव्हतं.’ थाप असेल, पण झकास थाप आहे.

अशा मैदानावर वाढलेल्या पोरांनी १९९७ ला सेंट पॅट्रिक दिनी क्रोक पार्कवर मेयोच्या नॉकमोरला हरवून अखिल आयर्लंड क्लब अजिंक्यपद घेतलं. मग १९९९, २०००, २००७, २०११, २०१२. सहा. परगण्याचं अजिंक्यपद तर १९९६ ते २००८ सलग तेरा वर्षं. अखिल आयर्लंडच्या पहिल्या तीन अजिंक्यपदांवेळी प्रशिक्षक जो कर्नन, ह्याच गावचा. पुढे तोच आर्मा परगण्याच्या संघाचा प्रशिक्षक झाला. परगण्यांच्या अखिल आयर्लंड स्पर्धेची २००२ ची अंतिम फेरी, समोर केरी, मध्यंतराला आर्मा मागे. कर्नन १९७७ ची अंतिम फेरी खेळून हरलेला. तेव्हा मिळालेलं उपविजेतेपदाचं स्मृतिचिन्ह तो घेऊन आला होता. खेळाडूंना दाखवलं आणि न्हाणीच्या भिंतीवर फेकून फोडलं. क्रॉसमग्लेनच्याच ओशीन मॅकॉनव्हिलने पहिल्या सत्रात पेनल्टी घालवली होती, दुसऱ्या सत्रात त्यानेच गोल केला. १-१२ विरुद्ध ०-१४. एका गुणाने. आर्माचं पहिलं सॅम मॅग्वायर.

(बोका, गणित कर: १५ विरुद्ध १४.)

लष्करी तळ २००७ ला गेला. मी मुलाला घेऊन गेलो होतो सामन्याला. कुंपणाशी उभा राहून मी शोधत होतो, की कुठे होता तो तळ. मुलगा म्हणाला, ‘बाबा, खेळ इकडे चाललाय.’

तर्कट

हे वाचून माझा सूर थोडा खाली आला, मान्य. तरी एक शंका. क्रॉसमग्लेनला शत्रू बाहेरचा होता, म्हणून इतिहास सांगायला सोपा. तुमच्या फाटलेल्या पानावर शत्रू शेजारचा आहे. ते अवघड.

मालवणी_मसाला

इतकी चर्चा झाली आणि अजून कोणी लिओ वराडकर काढला नाही? मालवण तालुक्यातल्या वराडचे वडील, आणि पोरगा २०१७ ला आयर्लंडचा पंतप्रधान! वराडात तेव्हा टीव्हीवाल्यांच्या गाड्यांनी वाट अडली होती.

आळशी_बोका

चला, धागा मालवणला पोचला. आता सोलकढी येणार.

बाबूराव_बारामतीकर

पण वराडकर फुटबॉल खेळायचे का?

मालवणी_मसाला

त्येचा माका काय म्हायत. मी फक्त हजेरी लावतंय.

वसईची_वेणू

सोलकढी येण्याआधी मूळ प्रश्नाकडे वळते.

वीस वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातल्या एका मंडळाची स्मरणिका काढायला मी होते. त्यांचा व्हॉलीबॉलचा संघ मधल्या काळात फुटला होता, दोन भाऊ दोन गटांत. आम्ही शहाण्यांनी ठरवलं, कशाला जखमेवरची खपली काढा. ती पाच वर्षं एका ओळीत गुंडाळली: ‘या काळात मंडळाचे कार्य काहीसे मंदावले.’ प्रकाशनाच्या दिवशी त्यातला धाकटा भाऊ, सत्तरीचा, पहिल्या रांगेत बसून पानं उलटत होता. ती ओळ आल्यावर त्याने पुस्तिका मिटली आणि मांडीवर ठेवली. पुन्हा उघडली नाही. त्या पाच वर्षांत त्याच्या गटाने तीन चषक आणले होते. आमच्या लेखी तेव्हा ‘कार्य मंदावलं’ होतं.

भांडणाचं कारण लिहू नका एक वेळ. पण भांडण झालं हे लिहा, आणि दोन्हीकडच्यांनी काय केलं ते लिहा.

पेठकर

वेणूताईंना दंडवत. वर मी ‘नाद खुळा’ लिहिलेलं जरा आवरतो.

जुनी_वही

मी विरोधात. फाडणाऱ्याने पट्टी लावून फाडलंय, म्हणजे विचारपूर्वक. कदाचित सगळ्यांच्या संमतीने. गावाने एकत्र राहण्यासाठी काही गोष्टी विसरायचं ठरवलं असेल, तर नऊ वर्षं राहिलेल्या माणसाने ते उकरावं का? डंडॉककर, राग मानू नका.

लागानकाठ

‘नऊ वर्षं राहिलेला’ हाच फायदा नाही का? त्याचे काका-मामा कुठल्याच बाजूला नाहीत. आमच्या गल्लीतल्या क्लबच्या दारात तिकिटं फाडायला मुद्दाम बाहेरून आलेला माणूस बसवतात. नात्याचा म्हणून फुकट सोडायची सोय राहत नाही.

डंडॉककर

जुनी_वही, राग कसला. हाच प्रश्न मला छळतोय, म्हणून तर धागा काढला.

दहा दिवसांनी परत येतोय, कारण रविवारी एक गोष्ट झाली. आमच्या फाटकावर पैसे गोळा करणारे आजोबा आहेत, ऐंशी पार. मी वह्या वाचतोय हे आख्ख्या गावाला ठाऊक. सामना सुरू झाल्यावर त्यांच्याशेजारी उभा राहिलो आणि सरळ विचारलं नाही, म्हटलं, मैदानाची जमीन कोणाची होती हो मुळात? ते बराच वेळ खेळच बघत राहिले. मग म्हणाले, ‘पलीकडे कोण उभं आहे बघ.’

बघितलं. नऊ वर्षं बघतोय मी हे मैदान आणि कधी लक्षात आलं नव्हतं. चेंजिंग रूमच्या बाजूला कायम तीच घरं उभी असतात आणि समोर, झाडांच्या बाजूला, कायम ती दुसरी. आपलाच संघ, आपलीच जर्सी, गोल झाला की दोन्हीकडून आरडाओरडा. मध्ये नव्वद मीटर. नातवंडं एकाच संघात आहेत, एकमेकांना पास देतात. मध्यंतराला पोरं दोन्हीकडे पळतात, दोन्हीकडची बिस्किटं खाऊन येतात.

आजोबा पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

काल कमिटी होती. वेणूताईंची गोष्ट सांगितली मी तिथे, नाव न घेता. दोन्ही घरची माणसं टेबलाला होती. चिटणीस म्हणाले, त्या मधल्या वर्षांत कोण खेळलं, कोणाविरुद्ध, निकाल काय, सगळं घालू. पान कोणी फाडलं ते नको. मग समोरच्या बाजूच्या घरातली एक बाई म्हणाली, वहीत फाटलेल्या पानाची उरलेली कागदी पट्टी आहे ना, तिचा फोटो घाला. खाली काही लिहू नका. कोणी हरकत घेतली नाही, आणि ह्या कमिटीत बिस्किटं कुठली आणायची ह्यावरही हरकत येते.

म्हणजे पट्टीचा फोटो, सॉकरवाला ‘विषय तहकूब’ आणि मेंढ्यांच्या भाड्याची दोन्ही पानं जाणार. पेन्सिलीतल्या ‘लंडन’वाल्या यादीसाठी अजून जागा मिळत नाहीये, ती मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला घेता येते का बघतोय.

तर्कट

वाचनखूण साठवली. हे मी इथे क्वचित लिहितो.

मडगांवकार

पुस्तिका आली की यादीचं पान इथे टाका. ‘लंडन’ आमच्याकडच्या नावांपुढेही आहे.

आळशी_बोका

एकच राहिलं. त्या जर्सी तू धुतोस की वहिनी?

डंडॉककर

विषय तहकूब.